बाळाच्या पाठीवरचा हात

लॉन्ड्रीच्या इस्त्रीखात्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं चादरींच्या गठ्ठ्यांवर बसली होती, खिडक्यांच्या गजांना लोंबकळत होती. मधल्या लांब टेबलावर, जिथे रोज आमच्या हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या पडतात, तिथे तीन महिन्यांचं एक बाळ पालथं ठेवलं होतं. त्याच्या उशाशी हातवाले बाबा उभे होते.

हे नाव त्यांना भक्तांनी दिलेलं. बाबा म्हणे नुसता हात बघून पाप ओळखतात. माझा अनुभव असा, की असले लोक आधी माणसाची भीती ओळखतात आणि पाप मागाहून सवडीनं शोधतात.

मी कातडीच्या रोगांची डॉक्टर. मला बोलवायला इथलीच कपडे पिळणारी बाई धावत आली होती. "डॉक्टरबाई, चला लवकर. ताईला मारून टाकतील."

ताई म्हणजे इस्त्रीखात्याची मुकादम. आठवड्यापूर्वी चादरी पोचवायला आली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "माझ्या भाच्याच्या अंगावर जरा धक्का लागला की फोड येतात. बघाल का?" मी म्हटलं, घेऊन ये. तिनं घरी जाऊन तसं सांगितलं आणि वर असंही म्हणाली, की लहानपणी दादालाही हेच व्हायचं. तिथेच माशी शिंकली. दादा म्हणजे बाळाचा बाप, इथेच कपडे धुण्याच्या हौदावर काम करणारा तापट माणूस. त्यानं बहिणीला शिव्या घातल्या, बाळाला हॉस्पिटलात न्यायचं नाही असं बजावलं आणि बाबांना आणलं. दवाखान्याचं नाव काढणारी बाई बाबांना आवडण्याचं कारणच नव्हतं.

मी दारातून रेटत आत घुसत होते तेव्हा बाबांनी बाळाचा घोटा मुठीत धरून त्याला उचललं आणि चारी दिशांना दाखवलं. "कातडी ही आत्म्याची पाटी आहे. पापी हातानं लिहिलं की अक्षर उमटतं."

हे ऐकून माझ्या शेजारचे एक गृहस्थ गहिवरले. बाबांच्या वाक्यांची हीच गंमत. अर्थ लागला नाही की ती खोल वाटतात.

फोड कोणाच्या हातानं येतात ते ठरवायला बाळाला हाताळणाऱ्या पाच बायका ओळीनं उभ्या केल्या होत्या. पहिल्या चौघींचं मनगट बाबांनी स्वतः धरलं, तळहात बाळाच्या पाठीला जेमतेम टेकवला आणि उचलला. त्यांत बाळाची आईही होती, रडून रडून डोळे सुजलेली. पाचवी ताई.

"तू पूस," बाबा म्हणाले. "वरून खाली, जोर लावून. पाप चिकट असतं."

"नको," ताई म्हणाली. "कातडी निघेल त्याची."

बाबा गर्दीकडे वळले. "ऐकलंत? काय होणार ते हिला आधीच ठाऊक आहे."

मी ओरडले, "घासू नका त्याला." पण माझा आवाज पुढच्या रांगेपर्यंतही गेला नाही. भावानं ताईचा हात धरला आणि तिच्याच पंज्यानं बाळाची पाठ खसाखसा घासली. बाळ किंचाळलं. बाबांनी वर काळा कपडा टाकला, घंटा हलवत बराच वेळ काहीतरी पुटपुटले आणि मग कपडा झटकन ओढला. चार जागा स्वच्छ होत्या. पाचव्या जागी मानेपासून कमरेपर्यंत पाण्यानं भरलेल्या फोडांचा पट्टा उठला होता.

गर्दीतून जो आवाज निघाला तो माणसांचा वाटत नव्हता. कोणीतरी ताईचे केस धरून तिला खाली पाडलं. तिच्या पोटात, पाठीत लाथा बसू लागल्या. भावानं कपडे बडवायचं लाकडी धोपाटणं उचललं आणि तिच्या उजव्या हातावर घातलं. पुन्हा घातलं. तिसऱ्या तडाख्याला हाड मोडल्याचं मला दहा हातांवरून ऐकू आलं.

"मोडून भागायचं नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "तो हात भाजला पाहिजे. मशीन तापलंय ना?"

मशीन म्हणजे वाफेची मोठी इस्त्री. खालच्या पाटावर कपडा ठेवायचा आणि पायाशी असलेला पायटा दाबला की वरचं तापलेलं झाकण त्यावर बसतं. दोघांनी ताईला तिथवर फरफटत नेलं. तिचा मोडका हात पाटावर ठेवला.

मी कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. कोपरं मारली, एकाला चावलेही. मी माझा हात तिच्या हातावर ठेवला. पायट्याशी उभा होता तो माझा जुना पेशंट.

"दाब," मी म्हटलं. "मग तुझ्या खरजेला मलम कोण देणार, ते बाबांना विचारून ठेव."

कोणीतरी फिसकन हसलं. त्या माणसानं पाय मागे घेतला. मला तेवढी उसंत पुरेशी होती.

मी टेबलाशी गेले, बाळाचा पाय अलगद वर केला आणि सगळ्यांना दाखवला. घोट्याच्या पुढच्या बाजूला एक मोठा फोड होता, मागच्या बाजूला चार लहान.

"हा घोटा कोणी धरला होता?"

सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"अंगठा इथे, चार बोटं इथे. बाबा, तुमची मूठ जुळवून बघायची का?"

बाबांनी हात कफनीत घेतला. "तिची नजर माझ्या हातात शिरली."

"मग त्या चौघींच्या हातात का नाही शिरली?" मी विचारलं. "मी सांगते. तुम्ही त्यांना घासू दिलं नाहीत. हिलाच घासायला लावलंत. या बाळाला कोणीही घासलं तरी फोड येतील. देवानं घासलं तरी येतील."

भाऊ धोपाटणं उगारून माझ्यावर आला आणि मध्येच कळवळून थांबला. धोपाटणं त्याच्या हातातून गळून पडलं. तळव्यावर मोठा फोड येऊन फुटला होता, बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटली होती.

"त्यालाही केलं बघा हिनं," मागून आरोळी उठली आणि गर्दी पुन्हा ताईकडे सरकली.

"थांबा. याच्या पायाकडे बघा," मी म्हटलं. "हौदावर सगळे अनवाणी असतात. हा एकटाच बूटमोजे का घालतो? दादा, बूट काढ."

"नाही काढणार."

"काढ रे," कोपऱ्यातून त्या बहीणभावांची म्हातारी आई म्हणाली. इतका वेळ ती भिंतीला टेकून बसली होती. "किती लपवायचं? लहानपणी याच्याही अंगावर असेच फोड यायचे. याच्या बापाच्या पायालाही नखं नव्हती. ही पोर काही बोलली की मी तिच्या तोंडावर मारायची."

त्यानं बूट काढले. एकाही बोटाला धड नख नव्हतं. विजार वर केली तर गुडघ्यांवर जुन्या व्रणांची पातळ, चकचकीत कातडी होती.

मी त्याला कोटाचं उदाहरण दिलं. कोटाचं अस्तर टाक्यांनी कापडाला धरलेलं असतं; टाके कच्चे असले की जरा ओढलं तरी अस्तर सुटतं. आपल्या वरच्या कातडीला खालच्या कातडीशी बांधून ठेवणारे असेच अतिशय बारीक धागे असतात. ते ज्या प्रथिनाचे बनतात त्याला कोलेजन सात म्हणतात. ते कसं बनवायचं याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत चूक असली तर धागे कमजोर होतात. मग घासलं की वरचा थर सुटतो आणि मध्ये पाणी भरतं. प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. या आजाराच्या एका प्रकारात एक चुकलेली प्रतही पुरते, आणि ती मुलाला जाण्याची शक्यता निम्मी असते.

"तपासणी करून पक्कं करू," मी म्हटलं. "पण तुझ्या बापाकडून तुला आलं, तुझ्याकडून बाळाला. ताईला आलं नाही, एवढंच."

"बरं होईल?" बाळाच्या आईनं विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला कोणी बोलू दिलं होतं.

"मुळापासून बरं करायचं औषध माझ्याकडे नाही, खोटं सांगणार नाही. सांभाळता येतं. मऊ कपडे, न चिकटणाऱ्या पट्ट्या, उचलताना खालून पूर्ण हात. असा सौम्य प्रकार असला तर वयाबरोबर पुष्कळ कमीही होतो. हा तुझा नवरा बघ, जगलाच की."

एव्हाना गर्दीचं तोंड फिरलं होतं. ज्यांनी ताईला लाथा घातल्या, त्यांनीच आता बाबांची मानगूट धरली. "घाला याचा हात मशीनमध्ये." बाबांचं सगळं अध्यात्म गळून पडलं, ते रडू लागले. ताई भिंतीला धरून उठली. डाव्या हातानं तिनं वाफेचा कॉक फिरवून बंद केला.

"माझ्या खात्यात कपड्यांनाच इस्त्री होते," ती म्हणाली. "पोलिसांना बोलवा."

भाऊ जमिनीवर बसला होता. "म्हणजे माझ्या लेकराचं हे मीच केलं?"

"बाळाचं तू काही केलं नाहीस," मी म्हटलं. "त्यात कोणाचाच हात नसतो. हिचा हात मात्र तू मोडलास."

बहिणीकडे बघायला त्याला फार वेळ लागला.

वाचकहो, माझं मागणं थोडकं आहे. आजाराला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे कोणी माणूस नसतो. घरात एखादं दुखणं पिढ्यान्पिढ्या दिसत असेल तर ते लपवू नका, डॉक्टरला सांगा. कोणी चमत्कार दाखवू लागलं तर त्यालाच म्हणा, हेच पुन्हा करून दाखव, आणि या वेळी कसं करायचं ते आम्ही सांगू. एवढं त्या दिवशी दोनशे माणसांतल्या एकानं जरी म्हटलं असतं, तरी भागलं असतं. बाळाच्या पाठीवरचे फोड पंधरवड्यात सुकले. ताईच्या हातात सळई बसवली आहे, आणि तो अजून पुरता सरळ होत नाही.