बर्फातली काच

शाळेत जाऊन कोणी बारटेंडर होतो यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि माझ्या बहिणीने आपली मुलगी नेमकी तिथेच घातली. तीन महिन्यांचा कोर्स, शेवटी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. तिथल्या बाटल्यांत दारू नसते, रंगीत पाणी असतं. हे ऐकून मी पोट धरून हसलो होतो. मी बावीस वर्षांपूर्वी या धंद्यात आलो तो ग्लास विसळत, आणि पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने माझ्या नाकाचं हाड मोडलं. याला म्हणतात शिक्षण.

भाची ते प्रमाणपत्र घेऊन अकरा ठिकाणी फिरली. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव आहे का? नसेल तर ये वर्षभराने. शेवटी बहिणीने मला फोन केला.

"एक दिवस तरी तुझ्या बारमध्ये उभी कर रे तिला. नाहीतर तिचे बाबा तिला पुन्हा त्या शिवणाच्या कारखान्यात धाडतील. कशीबशी सुटलीय ती तिथून."

मी रविवारची दुपार दिली. खरं सांगतो, तिला नापास करायचं हे आधीच ठरवून दिली.

तिचं काम नीट होतं, याचाच मला राग आला. माप अचूक, काउंटर लख्ख, बर्फाला हाताचा स्पर्श नाही. मी तासभर खोट शोधत होतो आणि खोट काही सापडत नव्हती.

काउंटरच्या टोकाला दोघे भाऊ बसले होते. दोघंही फरश्या बसवणारे, मनगटं ही एवढी जाड. थोरल्याने पाचवा ग्लास मागितला तेव्हा भाची म्हणाली, "काका, आता थांबा जरा. पाणी देऊ का?"

थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि स्वतः ओतली. "गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायचं, हेही कोर्समध्ये होतं वाटतं?"

पाचवा अर्धा झाला आणि थोरल्याला आई आठवली.

"शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती ती. कुठे तोंड काळं केलं होतंस?"

"तुझ्याच भीतीने आलो नाही," धाकटा म्हणाला.

थोरल्याने ग्लास उचलला आणि त्याच्या कपाळावर हाणला. काच फुटल्याचा आणि हाडावर बसल्याचा, असे दोन आवाज वेगवेगळे ऐकू आले. धाकटा काउंटरवर पालथा पडला, अर्धा आमच्या बाजूला, बर्फाच्या उघड्या पेटीवर. थोरल्याने त्याचे केस धरले आणि तोंड लाकडावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. एक दात घरंगळत गेला. भाची मध्ये पडली तर तिच्या कानशिलात त्याचं कोपर बसलं आणि ती मागच्या फळ्यांवर आदळली.

मी काउंटरवरून उडी घेतली. थोरल्याच्या गुडघ्यामागे लाथ घातली, हात पाठीमागे मुरगळला, तो खांद्यात कटकन वाजेपर्यंत. पडल्यावरही बरगडीत दोन लाथा हाणल्या. त्यांची गरज नव्हती, पण माझा हात किंवा पाय एकदा सुटला की थांबत नाही. त्याला फरफटत बाहेर काढला. धाकट्याला कोणीतरी गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

मी छाती फुगवून आत आलो. पाहतो तर भाची डाळिंबाच्या सरबताची अख्खी बाटली बर्फाच्या पेटीत उपडी करत होती.

"डोकं फिरलंय का तुझं? दिवसभराचा बर्फ आहे तो!"

"फुटल्या ग्लासाच्या काचा पेटीत पडल्यात, मामा. बर्फात काच दिसत नाही. लाल केला की कोणी चुकूनही घेत नाही. मग गरम पाण्याने वितळवून पेटी धुवायची. पहिल्याच आठवड्यात शिकवलं आम्हाला."

"बावीस वर्षं मी हाताने काच वेचतोय. कोणी मेलं?"

"मेलं नसेल. पण किती जणांच्या पोटात गेली, तुला कुठे माहितीय?"

माझी नेहमीची गिऱ्हाइकं आपापल्या ग्लासात बघायला लागली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिच्या मुस्काटात मारली, कोपर बसलं होतं त्याच बाजूला.

मग सगळ्यांना दिसेल असा लाल थर बाजूला सारून तळातला पांढराशुभ्र बर्फ मूठभर काढला, ग्लासात टाकला, वर सोडा ओतला. "हे बघ, दीडशहाणे!" म्हणालो आणि तोंड भरून बर्फ कडाकडा चावला. दुसऱ्यांदा चावलं तेव्हा दाताखाली आलं तो बर्फ नव्हता.

जीभ चिरली. तोंड मिटता येईना, ओरडता येईना. शर्टवर रक्ताची धार लागली. भाची धावत आली. तिच्या गालावर माझी बोटं उठलेली होती.

"गिळू नकोस. पुढे वाक. थुंक." तिने माझा जबडा धरला आणि फडक्याने जिभेत रुतलेली काच ओढून काढली. नखाएवढी होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते नुसतं दुखलं म्हणून नव्हे.

तिने तोंडात धरायला घडी केलेलं फडकं दिलं, पेटीत गरम पाणी ओतलं. मला बोलता येत नव्हतं. मी ऑर्डर घ्यायची वही ओढली, लिहिलं, 'उद्यापासून ये', आणि तिच्यापुढे सरकवली.

"नको. तू मारतोस," ती म्हणाली. "मी बाराव्या ठिकाणी जाते. पण अनुभवाचं लिहून दे. एक दिवस काम केलं, काय काय केलं, सगळं."

मी लिहिलं. माप अचूक. जास्त झालेल्या माणसाला थांबवलं. काच फुटल्यावर बर्फ वापरू दिला नाही. खाली सही करायला गेलो.

"राहिलं. मारलंस ते."

ते कशाला, असं मी हातानेच विचारलं.

"मामाकडची नोकरी का सोडली म्हणून विचारतील. मी खोटं का सांगू?"

ती हलेना. सगळा बार बघत होता. मी लिहिलं, 'तिने बरोबर काम केलं म्हणून मी तिला मारलं.' लिहिताना फडक्यातून रक्ताचा थेंब त्या ओळीवर पडला. तिने तो कागद फाडून टाकला, कोरा कागद पुढे ठेवला आणि मला सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहायला लावलं.