हद्दीच्या अलीकडे

त्रिकोण. काळा, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि यंत्राच्या पडद्यावर जागच्या जागी गरगरणारा... दुकानाच्या पत्र्याखाली उपग्रह नीट सापडत नाहीत म्हणून तो असा फिरतो, बाहेर मोकळ्यावर गेलं की गप्प बसतो, असं काउंटरपलीकडच्या बाईंनी सांगितलं. पण दत्तप्रसादला त्याच्याबद्दल उगीचच आपुलकी वाटली. आपलं तोंड नक्की कुठल्या दिशेला आहे हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

काउंटरवर दोन जीपीएस यंत्रं होती. एक बटणांचं, दणकट, हातमोजे घालूनही चालणारं, साध्या सेलवर दोन दिवस टिकणारं. पण त्यात फक्त डोंगर, ओढे आणि वाटा. दुसरं काचेवर बोट फिरवायचं, आणि त्यात सगळ्या राज्यातल्या जमिनींच्या हद्दी, तुकड्यान् तुकड्याच्या. घ्यायचं तर हेच घ्यायचं होतं. ग्लेनने तसं बजावलंच होतं. मग दत्तप्रसाद अर्धा तास त्या बटणांच्या यंत्राची बटणं का दाबत होता? चित्रा बरोबर असती तर म्हणाली असती, की भांडं घ्यायला जाऊन झाकण निवडत बसलास. चित्रा, त्याची बायको, गिरावीनला घरी होती. घरात उंदीर निघाला तर शेजाऱ्याला हाक मारणारा आपला नवरा रायफलचं लायसन्स काढतो, याचं हसू तिला वर्षभर पुरलं होतं.

ती हसली तरी त्याने काढलं. कारण ग्लेनने बोलावलं होतं... कामावरचा फोरमन, आठवड्याला मोजून वीस शब्द बोलणारा माणूस, आणि त्यातले सात त्याने गेल्या वर्षी एका शुक्रवारी दत्तप्रसादवर खर्च केले होते – रविवारचा काकाच्या रानात येशील का, हरणांच्या शिकारीला? अठरा वर्षं झाली होती या देशात येऊन. ‘हाउ यू गोइंग’ सगळेच म्हणायचे, पण रविवारी कुठे चल असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याला फार आनंद झाला होता, शाळेच्या टीममध्ये नाव निघाल्यासारखा.

आणि तीन आठवड्यांपूर्वीचा तो रविवार. ओबेरॉन गावाच्या पलीकडे, ग्लेनच्या काकाच्या जमिनीच्या टोकाला... नको. आत्ता नको. त्याने दुसरं यंत्र उचललं.

गोळी त्याचीच होती. हरणी खाली बसली, उठली, पाय ओढत तारांच्या कुंपणाखालून पलीकडे गेली आणि नेच्यांच्या दाटीत पुन्हा पडली. पन्नास पावलं, फार तर साठ. कान दिसत होता, हलत होता. जखमी जनावर असं टाकायचं नाही, जायचं आणि संपवायचं, हा पहिला धडा ग्लेननेच दिला होता. तो तारेवर पाय देऊन उभासुद्धा राहिला होता. “दोन मिनिटांचं काम आहे, मेट,” तो म्हणाला. आणि दत्तप्रसाद म्हणाला होता, “दुसऱ्याची जमीन आहे. हातात रायफल घेऊन मी नाही येणार. तूही जाऊ नकोस.” लायसन्स, पोलीस, उद्या सिटिझनशिपच्या अर्जात भरावं लागणारं काहीतरी – तो बोलतच राहिला, शहाण्यासारखा. ग्लेनने शेजाऱ्याला फोन लावून पाहिला, पण त्या दरीत फोनला रेंज नव्हती. कान बराच वेळ हलत होता. मग ते गाडीकडे चालू लागले, आणि परतीच्या वाटेवर ग्लेन त्याच्या वीस शब्दांपैकी एकही बोलला नाही. घरी आल्यावर चित्राला त्याने सांगितलं, काही मिळालं नाही. खोटं कुठे होतं त्यात?

परवा कामावर ग्लेन आपण होऊन त्याच्या टेबलाशी आला. या रविवारी परत जाऊ, म्हणाला, पण हद्दींचे नकाशे असलेलं जीपीएस घे, म्हणजे पुन्हा तसा घोळ व्हायचा नाही. म्हणजे त्याने माफ केलं होतं. की एक संधी दिली होती? दत्तप्रसादला ते कळलं नव्हतं.

काचेवर बोट सरकत गेलं – डोंगर, रस्ता, काकाचं फाटक, मग तो उतार. पिवळ्या रेघा आल्या. काकाच्या जमिनीची रेघ उतारावरून खाली आली आणि खालीच येत राहिली... कुंपण असायला हवं होतं तिथे थांबली नाही. ओढ्यापर्यंत गेली, आणि मग ओढ्याच्या मधोमध धरून वळली.

त्याने चित्र मोठं केलं, लहान केलं. बाईंना दाखवलं. त्यात काय विशेष, असा त्यांचा चेहरा. ओढ्याला पूर आला की कुंपण वाहून जातं, म्हणून दोन शेजारी मिळून ते सोयीने वर, टणक जागेवर घालतात. हद्द ओढ्यातच असते.

नेच्यांची दाटी ओढ्याच्या अलीकडे होती. म्हणजे ती जमीन काकाचीच होती. मला जाता आलं असतं.

कुंपण म्हणजे हद्द नव्हे, हे त्याला कोणी दुसऱ्याने सांगायला हवं होतं का? त्याचे वडील कराडला मोजणी खात्यात होते, तिपाईवर फळी मांडून गावोगाव हद्दी कायम करत हिंडलेले. बांध दरसाल कोरला जातो, बांधावर विश्वास ठेवू नकोस, नकाशा बघ, हे जेवताना ऐकत तो वाढला होता. तिकडे असता तर त्याने पहिल्यांदा विचारलं असतं, हे कुंपण घातलं कोणी? पण इथलं कुंपण... इथे लोक रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबतात, इथली तार खोटी कशी असेल? मोजणीदाराचा मुलगा, आणि पाच पदरी तारेला नमस्कार करून परत आला. वडील असते तर हसले असते. नाही, हसले नसते. त्यांनी विचारलं असतं, जनावराचं काय झालं?

“मात्र या रेघा अगदी तंतोतंत धरू नका,” बाई म्हणाल्या. “वीस-तीस मीटर इकडेतिकडे असू शकतात.”

आणि त्याला हायसं वाटलं. खांदे सैल पडले, श्वास मोकळा झाला. वीस-तीस मीटर! मग नेच्यांची दाटी कदाचित रेघेच्या पलीकडेही असेल, कदाचित आपण बरोबरच –

तो थांबला. हे हायसं वाटणं ओळखीचं होतं. अगदी हेच, असंच, खांद्यांतून उतरत गेलेलं... कधी? त्या रविवारी. गाडीत नव्हे, नंतर नव्हे. हरणी उठून पाय ओढायला लागली, तेव्हा. जवळ जावं लागणार, तिचे डोळे बघावे लागणार आणि पुन्हा चाप ओढावा लागणार, हे पोटात कळलं, आणि तिच्याकडे बघायच्या आधी मी इकडेतिकडे बघितलं. काहीतरी शोधत होतो. मग तार दिसली.

कायदा वगैरे नंतर आठवलं. आधी ते बरं वाटणं आलं होतं. की आधी कायदाच होता, आणि आपण उगाच आता...? त्याने तो क्षण पुन्हा लावून पाहिला, आणि पुन्हा. दर वेळी क्रम बदलत होता.

बाई थांबल्या होत्या. घाई नाही, म्हणाल्या, आणि मग सहज, बोलायचं म्हणून विचारलं, उद्या नवीन ठिकाणी चाललात की माहितीच्या?

“माहितीच्या,” तो म्हणाला. दोन्ही यंत्रं त्याच्या दोन हातांत होती. उद्या कुंपण कुठे आहे ते ठाऊक असणार होतं, हद्द कुठे आहे तेही, आणि ग्लेन शेजारी उभा असणार होता. आणि तरीही पाय उचलेल की नाही हे त्याला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, खरोखर माहीत नव्हतं.