दुफाट्यावरचे सात दगड

वाचकहो, प्रारंभीच नम्रपणे निवेदन करतो की, पुढील कथेत वादी रम या वाळवंटी खोऱ्यातील मुफ्लेह नामक वाटाड्याचा अपराध वर्णिलेला आहे. तीत पराक्रम शोधू नये.

“हळू, मुफ्लेह! तुझा काका आहे मी, सरपणाची मोळी नाही!”

मोडक्या मांडीनिशी दोराने कड्यावरून उतरवला जात असतानाही वृद्ध हुवैमिल थट्टाच करीत होता. वरून दोर सोडणाऱ्या मुफ्लेहच्या तळहातांची सालटी निघत होती. त्याला ते कमीच वाटत होते.

त्या तांबड्या वालुकाश्माच्या डोंगरावर मळलेली वाट नाही. रानबोकडांमागे चढणाऱ्या पूर्वजांनी दगडांवर दगड रचून खुणा केलेल्या आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्या सांभाळाव्यात, हा टोळीचा धर्म आहे. दुफाट्यावरची सात दगडांची खूण हुवैमिलने तरुणपणी रचलेली. परंतु अलीकडे परदेशी गिर्यारोहक त्याच खुणांच्या आधारे आपापले शिखर गाठू लागले आणि मुफ्लेहला कोणी विचारीनासे झाले. तेव्हा एके दिवशी त्याने ते सातही दगड दरीत लोटले. पाहुणे चुकतील, माघारी येतील, आपल्याला हाक मारतील, एवढाच त्याचा बेत होता. चुकार शेळीमागे काका चढेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

खाली हुवैमिलचा मुलगा फुरैज वाट पाहत होता. “बाबा, झोपेतसुद्धा चुकायचा नाहीत तुम्ही. डावीकडं कसे गेलात?”

“खूण दिसलीच नाही रे. डोळे गेले माझे.”

“दगड पडले असतील.”

“मी रचलेले? पन्नास हिवाळ्यांत हलले नाहीत! आणि आपल्या खुणेला हात लावणारा हरामखोर अजून रममध्ये जन्मायचाय.” मग तो पुतण्याकडे वळला. “पण मुफ्लेह, मी कुठं अडकलोय ते तुला बरं नेमकं कळलं! शाबास, पोरा.”

“काका, ते दगड...”

“असू दे रे. वय झालं.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच चढून मुफ्लेहने नवे सात दगड रचले. आणि तिथेच त्याच्या हातून दुसरा घात झाला. दुपारी फुरैज वर जाऊन पाहून आला.

“खूण जागच्या जागी आहे, बाबा.”

“बघ. म्हटलं नव्हतं?” एवढेच बोलून हुवैमिलने डोळे मिटून घेतले.

मांडी जुळली, मात्र म्हातारा पुन्हा डोंगर चढला नाही. मैलभरावरचा उंट कोणाचा, हे तो आजही अचूक सांगतो. नजर तर शाबूत आहे, असे कोणी बोलून दाखवलेच तर म्हणतो, “उंट केवढा मोठा असतो रे!” आणि सपाट वाळूवरही मुफ्लेहच्या खांद्यावर हात ठेवल्यावाचून पाऊल टाकीत नाही.

“दगड आला तर सांग हं.”

“सांगतो, काका,” असे म्हणून मुफ्लेह खांदा किंचित खाली करतो.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतलेत, याबद्दल ऋणी आहे.

आपला,
मुफ्लेह बिन सुवैलिम,
वाटाड्या, वादी रम