वाकड्या शेंड्याची झाडं

हेल्वीने बूट दारातच काढले, टोपीवरचा बर्फ झटकला आणि काखेतली नकाशाची गुंडाळी भिंतीला टेकवून ठेवली. ओक्सेन्याकाकूंनी कॉफीचं भांडं आधीच चुलीवर चढवलं होतं.

दोन वर्षांतली ही अकरावी खेप. दर खेपेला कॉफी मिळायची, भाताचं सारण भरलेल्या गरम पोळ्या मिळायच्या, वर लोण्यात कुस्करलेलं अंडं मिळायचं. माहिती तेवढी मिळायची नाही. काकू हवापाण्यावर बोलायच्या, तळं यंदा कधी गोठेल यावर बोलायच्या, आणि घराचा विषय निघाला की उठून चुलीत लाकूड सारायच्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही हट्ट कसा अगदी ताजा होता.

सार्कावेसी गावाचं पुस्तक काकूंच्या घराच्या या एका पानापायी अडलं होतं. चौतीस वर्षं पालिकेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या हेल्वीने ते काम अंगावर घेतलं होतं. तळी सदतीस, माणसं आठशे बारा, आणि दर घराला एक पान. घर कधी उभं राहिलं, कोण जन्मलं, कोण स्वीडनला कारखान्यात गेलं ते परत फिरकलंच नाही, सगळं तिने दारोदार हिंडून गोळा केलं. घाईही तशीच होती. नव्या वर्षापासून पालिका शेजारच्या शहरात विलीन व्हायची होती. शिक्का जाणार, सडकेवरची गावाच्या नावाची पाटी निघणार. पुस्तक त्याआधी व्हायलाच हवं होतं.

पण हेल्वीला खरी टोचणी वेगळीच होती. पुस्तकात तिच्या वडिलांचा नकाशा छापायचा होता. सालोवारा मास्तरांनी एक्कावन्न साली काढलेला तो नकाशा अजून पालिकेच्या भिंतीवर होता. त्यात प्रत्येक घर नावानिशी होतं, तळ्याकाठची सौना, म्हणजे वाफेची न्हाणीसुद्धा सुटली नव्हती. फक्त वोर्नानेनांचं, म्हणजे काकूंचं, घर नव्हतं. तिथे मास्तरांनी नुसती झाडं काढून ठेवली होती. लढाईनंतर देशाची सरहद्द सरकली, कारेलिया हा सगळा मुलूख पलीकडच्या देशात गेला, आणि तिथून उठलेल्या माणसांतलं हे एकच कुटुंब सार्कावेसीच्या वाट्याला आलं होतं. नकाशा काढला तेव्हा त्यांची चूल इथे पेटून पाच वर्षं झाली होती. उपरे म्हणून वगळलं, दुसरं काय? हेल्वीला आपल्या बापाची लाज वाटायची. वडिलांच्या शेवटच्या आजारात तिने त्यांना एकदा टोचून विचारलंही होतं. त्यांनी भिंतीकडे कूस वळवली होती, बस्स. त्याला आता बावीस वर्षं झाली.

आज मात्र तिने दुसऱ्या कपाची वाट पाहिली नाही.

“काकू, माझ्या वडिलांचं चुकलं. त्यांनी तुमचं घर नकाशात घेतलं नाही. म्हणूनच तुम्ही मला काही सांगत नाही ना? त्यांच्या वतीने मी माफी मागते.”

काकूंनी कप बशीत ठेवला. हिला वेड लागलं की काय, अशा नजरेने त्या क्षणभर बघत राहिल्या. मग उठल्या. या खेपेला चुलीकडे वळल्या नाहीत. कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीमागे हात घालून त्यांनी घडी घातलेला एक जाड कागद ओढून काढला आणि टेबलावर उलगडला.

नकाशाच होता, पण सार्कावेसीचा नव्हता. लांबुळकं, अनोळखी तळं. छोटं प्रार्थनाघर. एकवीस घरं, त्यांच्या विहिरी, कुणाची होडी कुठे बांधायची ते, पोरींचा झोका कुठे होता तेही. हेल्वी चष्मा लावून वाकली. त्यातलं एकही नाव तिच्या ओळखीचं नव्हतं. मग तिची नजर कडेच्या झाडांवर गेली. प्रत्येक झाडाचा शेंडा डावीकडे वाकलेला. अशी झाडं एकच माणूस काढायचा. मास्तर, तुमच्या झाडांना वारं लागलंय, म्हणून वर्गातली पोरं फळ्याकडे बघून हसायची. त्या पोरांत तीही होती.

तिने एका शेंड्यावर बोट ठेवलं, ते तिथेच राहिलं.

“तुझे वडील दोन हिवाळे येत होते,” काकू म्हणाल्या. “आई आमचं तिकडचं गाव आठवून आठवून सांगायची, ते काढायचे. जरा चुकलं की आई पुसायला लावायची. तुझ्या बापाएवढी बोलणी या गावात कुणी खाल्ली नसतील.”

“मग इथल्या नकाशात तुमचं घर का नाही?”

“मास्तर काढायलाच बसले होते गं. आईने हात धरला. म्हणाली, मास्तर, आम्हाला इथं मांडू नका. आम्ही परत जाणार आहोत. एकदा कागदावर आलो की इथलेच होऊन बसू.”

“मला कधी सांगितलं नाही त्यांनी.”

“आईने कुणाला सांगू नका म्हटलं होतं.”

हेल्वीने चष्मा काढला आणि बराच वेळ स्वेटरच्या टोकाने पुसत राहिली. तिला वडिलांची वळलेली पाठ आठवत होती. काकूंनी न विचारता तिचा कप भरला.

“आई गेली आणि मग मीच तिचं म्हणणं धरून बसले,” त्या म्हणाल्या. “पाटी कधी काढणार म्हणालीस?”

“एकतीस डिसेंबरला.”

“म्हणजे तुमचंही गाव आता कागदावरच राहणार.”

“हो, काकू.”

“मग आण तुझा नकाशा. आणि पेन्सिल दे.”

हेल्वीने प्रत उलगडली. कोपऱ्यांवर कप ठेवून काकू खाली वाकल्या. झाडांच्या दाटीत त्यांनी आधी विहीर काढली, मग घर, मग धुराडं. घर बसवताना मधलं एक झाड पुसावं लागलं, म्हणून ते त्यांनी मागच्या बाजूला पुन्हा काढलं. शेंडा सरळ आला होता. काकूंनी जरा मान तिरकी करून पाहिलं, तो पुसला आणि डावीकडे वाकवला.