तेल पाजलेले घड्याळ

मी एक जुने, खिशातले घड्याळ आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर सोने नाही. समुद्रापलीकडच्या कारखान्यात माझ्यासारखी ढिगाने घड्याळे घडत आणि पेंढ्यात गुंडाळून जहाजाने इकडे येत. सोन्याची घड्याळे साहेबांची, आम्ही पत्र्याची गोरगरिबांची. बाजारात आमच्यावर नुसत्या उड्या पडल्या. न्हाव्यापासून हमालापर्यंत ज्याच्या त्याच्या छातीवर साखळी! मात्र वेळ विचारली की निम्मे लोक सूर्याकडेच बघत.

मला एका शिंप्याने घेतले, ते बायकोसाठी. ती सूतगिरणीत जाई. फाटक लागल्यावर येणाऱ्याला मुकादम कामावरून काढून टाकी.

शिंप्याचा माझ्यावर भारी जीव. रोज सकाळी शिवणयंत्राला तेल घातले की मलाही तो दोन थेंब पाजी. म्हणे, "यंत्राची जात. तेलावाचून चालेल कशी?" माझ्या पोटात चिकटा साचला आणि मी मागे पडू लागले.

एके दिवशी माझ्या भरवशावर ती निवांत निघाली आणि फाटक लागता लागता कशीबशी आत शिरली. मुकादम म्हणाला, "आजचं सोडलं. उद्या असं झालं तर घरीच बस, बाई."

संध्याकाळी दोघे मला घेऊन घड्याळजीकडे गेले. त्याने झाकण उघडले आणि कपाळाला हात लावला.

"हे घड्याळ आहे का दिवा? वात तेवढी लावायची राहिली! कुणी ओतलं एवढं तेल?"

शिंप्याची मान खाली गेली. ती चटकन म्हणाली, "मीच हो. मला काय कळतंय यातलं?"

घड्याळजीने मला उघडून, धुऊनपुसून पुन्हा चालते केले. "आता वर्षभर तेलाचं नाव काढू नका," त्याने बजावले.

वाटेत शिंपी पुटपुटला, "माझं पाप अंगावर कशाला घेतलंस?"

"अहो, तुम्ही काय वैऱ्यासारखं ओतलंत?" ती हसली. "चला आता, भूक लागलीय."

सकाळी त्याने मला हलक्या हाताने किल्ली दिली, कोरड्या फडक्याने पुसले आणि तिच्या हाती दिले. ती पोचली तेव्हा फाटक सताड उघडे होते. मुकादम अजून जांभया देत होता.

मित्रांनो, आता माझे काटे हलत नाहीत. त्याचे दुःख नाही. वस्तूवर जीव लावा, पण तिला काय मानवते ते आधी जाणत्याला विचारा. आणि आपल्या माणसाच्या हातून मायेपोटी चूक झाली, तर चारचौघांत त्याची मान खाली जाऊ देऊ नका.