दोनशे बाराव्या ओळीचा ताळा

जांभळ्या बुचाची रक्ताची नळी तिने पुन्हा हळूच उलटी केली, सुलटी केली – आठ वेळा, शिकवल्याप्रमाणे – आणि आतला बुडबुडा कडेकडेने वर चढताना बघत राहिली, कारण तेवढा वेळ यंत्राच्या पडद्याकडे बघावं लागत नव्हतं. नळीवर नाव नव्हतं. डॉक्टरांच्या अभ्यासातल्या कुठल्याच नळीवर नसतं, नुसता आकडा. पण दोनशे बाराची चिठ्ठी सकाळी तिनेच चिकटवली होती, वडिलांना, अण्णांना, हृदयाची तुंबलेली शीर उघडायला आत नेलं त्याच्या पाच मिनिटं आधी.

तिसऱ्यांदाही तेच. जखमेवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी शहाऐंशी टक्के, गुपचूप राखण करणाऱ्या नऊ. भागाकार साडेनऊ. सहा वर्षं ती हाच भागाकार करत आली होती... हृदयाच्या झटक्यानंतर शीर उघडली तरी पुढच्या बारीक वाहिन्यांत रक्त नीट पोचेल का, हे आधीच ओळखता येईल का, एवढाच मोठ्या डॉक्टरांचा प्रश्न – आणि तिच्या वहीत पाचाच्या वर गेलेल्या बहुतेकांचं पोचलं नव्हतं, काही तर घरी परतलीच नाहीत... बहुतेकांचं, सगळ्यांचं नव्हे. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना मीच बजावते ना, आकडा म्हणजे माणूस नव्हे गं बाई! आणि आज मीच तो तीन-तीनदा काढतेय.

ताळा करायला अण्णांनीच शिकवलं होतं. उत्तराला भाजकाने गुण, बाकी मिळव, मूळ आकडा यायला हवा. नाही आला तर पुन्हा पहिल्यापासून. शाळेतली चाळीस पोरं हाकून घरी आले तरी तिचा ताळा जुळेपर्यंत ते जेवायला उठत नसत. रागवायचे नाहीत, नुसते बसून राहायचे, त्याचंच जास्त रडू यायचं. नऊ गुणिले साडेनऊ, साडेपंच्याऐंशी. बाकी अर्धा. जुळला. तिला स्वतःची शिसारी आली.

बारा वाजता धाकट्या भावाचा फोन आला. दीड दिवसाच्या वाटेवर असतो तो, नवीन नोकरीत.

"ताई, रजा एकदाच मिळणार गं. आत्ता निघू, की अण्णांना घरी आणल्यावर येऊ?"

"डॉक्टर म्हणाले, शीर उघडली."

"ते झालं. तुला त्यातलं कळतं. तू सांग."

"नीघ," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, हे ती बोललीच नव्हती, साडेनऊ बोलला होता.

दोन वाजता ती वर वॉर्डात गेली. अण्णा उशीला टेकून बसले होते आणि वाढलेल्या दाढीवरून नापसंतीने हात फिरवत होते.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"काही नाही. बरं आहे."

"धाकट्याला उगाच पळवू नकोस हं. घरी गेलो की येऊ दे, राहील चार दिवस निवांत." मग तिच्याकडे निरखून, "जेवलीस का?"

तिने मान हलवली. अण्णांच्या चेहऱ्यावर रंग होता, नखं गुलाबी होती, कुणालाही आनंद झाला असता – आणि ती मात्र त्यांच्या पायांवर सूज शोधत होती, छातीची वरखाली मोजत होती... मिनिटाला अठरा. अगदी चांगला आकडा. तो मोजून झाल्यावर जे तिच्या आत खचलं ते काय होतं? धाकटा निघाला असेल. हे बरे झाले तर त्याची रजा वाया, सहा वर्षं वाया, मी खोटी... छे, छे! मला हे बरे व्हायला हवेत. मला हवेत. तिने तेच वाक्य मनात तिसऱ्यांदा म्हटलं, आणि ते खरं आहे का, हे पडताळून बघायची तिची छाती झाली नाही.

"ओठ हलतायत तुझे," अण्णा म्हणाले, लहानपणी म्हणायचे तसंच. "काय मोजतेस?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.