शुभमचे नव्वद दिवस

हे लिहिणार नव्हतो. दोनदा लिहायला बसलो, दोनदा पुसून टाकलं. गोष्ट माझ्याच ऑफिसातली आहे आणि ती नोकरी गेली तर माझ्याकडे दुसरी नाही. बारावीनंतर कॉलेज केलं नाही, कॉम्प्युटर दुसऱ्यांचं पाहून पाहून शिकलो. पण आता लिहूनच टाकतो, जमेल तसं, जमेल तेवढं.

मी गुड्डू, गोंदियाजवळच्या कामठ्याचा. आमच्या गावाजवळच्या विमानपट्टीवरून एक लहान कंपनी दोन विमानं उडवते. कंपनीचं नाव लिहीत नाही. कोणता पायलट कोणत्या दिवशी कुठे उडेल, तो ड्युटी चार्ट बनवणं माझं काम. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं पायलट म्हणजे राजा. चष्मा, टोपी, खांद्यावर पट्ट्या. तो राजा कसा घरी बसवतात ते मी पाहिलं आहे.

जुलैत प्रवासी कमी झाले तेव्हा दहापैकी चार पायलटांना बिनपगारी रजेवर पाठवलं. पाठवलं असं म्हणायचं नाही. प्रत्येकाकडून अर्ज घेतला, "मी स्वखुशीने रजेवर जात आहे." चारही अर्ज मॅनेजर साहेबांनी मलाच टाईप करायला लावले होते. ज्यांची खुशी होती असं त्यात लिहिलं होतं, त्यांना तोपर्यंत काही माहीतही नव्हतं. मी नावं बदलत गेलो आणि प्रिंट काढत गेलो. वाईट वाटलं, पण हात थांबले नाहीत.

त्या चारात शुभम कापगते होता. को-पायलट, माझ्याच वयाचा. आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या बाजूच्या गावचा, शेतकऱ्याचा पोरगा. ऑफिसात मला "गुड्डूभाऊ" म्हणणारा तो एकटाच. बाकीचे "ए चार्टवाले" म्हणतात.

दिवाळी जवळ आली तशी बुकिंग फुल्ल झाली. मला वाटलं, आता चौघांना बोलावतील. नाही बोलावलं. उरलेल्या सहा जणांना ओव्हरटाईम करायला सांगितलं. ठरलेल्या तासांच्या वर उडायचं तर पायलटची सही लागते. तोही कागद मीच टाईप केला, त्यातही "स्वखुशीने" होतंच.

एक नियम सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. पायलटला नव्वद दिवसांत तीनदा विमान उडवून उतरवावं लागतं. नाही जमलं तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, आधी पुन्हा सिम्युलेटरवर, म्हणजे नकली विमानाच्या मशीनवर, परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा कंपनी घेते. नाही घेतली तर पायलट लायसन हातात घेऊन घरी बसतो. शुभमचा नव्वदावा दिवस धनतेरसच्या आदल्या शुक्रवारी होता. मी साहेबांना आठवण करून दिली तर ते हसले. "होऊ दे ना नव्वद. मग बोलवायचा प्रश्नच नाही."

सहापैकी तिघांनी ओव्हरटाईमवर सह्या देऊन टाकल्या. राहिले तिघं. कॅप्टन श्यामलाल बिसेन, बावन्न वर्षांचे, सगळ्यात जुने. डिंपल मॅडम, गोंदियाच्या कपडा व्यापाऱ्यांच्या घरच्या. आणि हिमांशु, शुभमच्याच बॅचचा, ट्रेनिंगला दोघं एका खोलीत राहिलेले. या तिघांनी मिळून नाही म्हटलं तर चार्ट कोसळतो आणि कंपनीला घरी बसलेल्यांना फोन करावाच लागतो. एकट्यानं म्हटलं तर पुढचा अर्ज त्याच्या नावाचा.

बोलायचं कुठे? ऑफिसात भिंतीला कान. शुभमच्या आईनं, पुष्पाबाईंनी, रविवारी मासे खायला बोलावलं होतं. डिंपल मॅडमच्या गाडीतून आम्ही चौघं निघालो.

ओसरीत पंगत बसली. पुष्पाबाई चुलीपाशी ये-जा करत होत्या. "बसा गा बसा. गुड्डू, तू काऊन उभा हायेस? तुले का वेगळं निवतं देऊ?"

शुभम सगळ्यांना पाणी देत होता आणि कोणाच्याच डोळ्यात पाहत नव्हता.

पहिला घास पोटात जायच्या आत डिंपल मॅडम बोलल्या. "सर, साफ साफ बोलू. मी उद्या सही करणार नाही. पण अकेली पडले तर मूर्ख ठरेन."

कॅप्टन काटे काढत राहिले.

हिमांशु म्हणाला, "तुमचं ठीक आहे मॅडम, घरी दुकान आहे. माझं लग्न तुळशीनंतर आहे. तिरोड्याचे सासरचे लोक दर आठवड्याला फोन करून विचारून राहिले, पोरगा उडून राहिला ना? बसला तर नाही ना?"

"बसला मंजे का मेला?" शुभम पहिल्यांदा बोलला. "मी बसलोच हाओ ना. दिसून राहिलो ना तुले?"

"तसं नाही यार. मी नाही उडलो तर सही दिलेला शुक्ला उडेल, नाहीतर बाहेरून कोणाला तरी आणतील. विमान काय माझ्यासाठी थांबणार आहे? तुझे नव्वद दिवस मी वाचवू शकत नाही."

"मी म्हनलो का वाचव म्हनून?"

"तोंडानं नाही म्हणत. इथे बोलावून मासे चारून राहिला."

पुष्पाबाईंचा हात थांबला. रस्सा पळीतच राहिला. "बाबू, मासे मी चारून राहिले. त्याले नको बोलू."

तेवढ्यात शुभमचे वडील, दुधरामकाका, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले आले. त्यांच्या आज्याच्या पिढीपासून तलावाचं पाणी वाटायचं काम त्यांच्या घरात. उशिरा पिकणारा भारी धान निसवला होता, बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, शेवटच्या पाण्याच्या पाळ्या चालू होत्या. पाय न धुताच ते बोलू लागले.

"बिसरामनं दुसरं पानी घेतलं. यादोरावच्या बांधीत पहिलं बी नाई पोचलं अजून."

"मग का केलं जी?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"का करन? त्याच्या बांधीचं तोंड बुजवलं. सगळ्यायचं एक पानी झाल्याबिगर कोनाले दुसरं नाई. थो म्हनते, पानी वाहूनच राहिलं होतं, मी नाई घेतलं तर दुसऱ्यानं घेतलं असतं." काका हसले. "म्हनलं, घेऊन तं पाहू दे दुसऱ्याले. त्याचंबी तोंड बुजवतो. फावडं का एकच बांधी ओळखते?"

आणि ते पाय धुवायला निघून गेले. त्यांना ओसरीतलं काही माहीत नव्हतं.

हिमांशुनं हातातला घास ताटात ठेवला. बाहेर बादलीतून पाणी ओतल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग कॅप्टन श्यामलाल बोलले. मान खाली, आवाज अगदी साधा.

"मंगळवारी हैदराबादहून येताना मी झोपलो होतो."

डिंपल मॅडमनी वर पाहिलं.

"दिवसाचं सहावं लँडिंग. पट्टी समोर दिसत होती. डोळे उघडे होते म्हणे, पण मी नव्हतो. या हिमांशुनं दोनदा आवाज दिला. मग कंट्रोल स्वतःकडे घेतला आणि उतरवलं. मागे अडुसष्ट लोक होते. एक बाई उतरताना मला म्हणाली, छान उतरवलं हो दादा."

"सर, हे कशाला..." हिमांशु पुटपुटला.

"तू कोणाला सांगितलं नाहीस. मला वाचवलंस. मीही गप्प राहिलो, कारण तीस वर्षांचं नाव आहे." कॅप्टननी ताट बाजूला सरकवलं. "थकलेल्या पायलटनं उडायचं नाही असा कायदा आहे. तसा कागद उद्या मी देणार. शुभमसाठी देतो आहे असं समजू नका. लाज वाटते म्हणून देतो आहे. याच्या वाटणीचं उडायला गेलो आणि त्या लोकांना मारत होतो."

हिमांशुनं ताटाच्या कडेला काटे ओळीनं लावले. मग शुभमकडे न पाहताच म्हणाला, "तिरोड्याला तूच सांगशील काऊन बसलो ते. मला नाही सांगता येणार."

"सांगतो ना," शुभम म्हणाला. "आधी जेव तं खरं. मायनं काटे काढून द्याचे का तुले आता?"

सगळे हसले. जास्तच हसले.

सोमवारी सकाळी तिघांचे थकल्याचे तीन कागद माझ्या टेबलावर आले. अकराचं विमान पट्टीवर उभं, प्रवासी मिठाईचे डबे घेऊन रांगेत, आणि कॉकपिटमध्ये कोणी नाही. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. साडेबाराला त्यांनी मला आत बोलावलं.

"दोघांना परत बोलाव. लेटर बनव."

मी लगेच पेन उचललं. "सर, शुभम आणि..."

"शुभम नको. बाकीच्यांतले दोन घे." त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "त्याच्या घरी मासे चांगले बनतात म्हणे."

इथे मला थांबावं लागतं. स्क्रीनवर माझंच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस होतं. रविवारी जेवायच्या आधी मी ताटांचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, "शुभमभाऊच्या घरी तलावाचे मासे." फोटोत कॅप्टनचं घड्याळ होतं, डिंपल मॅडमच्या गाडीची चावी होती. एवढ्या मोठ्या लोकांसोबत मी एका पंगतीला बसलो, हे गावाला दाखवायचं होतं. बस, एवढंच. भिंतीचे कान चुकवायला दोन तास गाडी चालवली आणि मी खिशात कान घेऊन गेलो होतो.

मी ती दोन लेटरं टाईप केली. शुभमचं नाव न टाकता.

मंगळवारी ते दोघं कामावर आले. त्यांना काय बोलणार? त्यांचेही दिवस संपतच आले होते. कॅप्टन श्यामलाल मॅनेजर साहेबांसमोर उभे राहिले. म्हणाले, "शुभमला तीन लँडिंग द्या. एका दिवसाचं काम आहे. मी बाजूला बसतो." साहेब म्हणाले, "तुम्ही थकले आहात ना कॅप्टन? आराम करा." आणि कॅप्टनच्याच नावाचा रजेचा अर्ज बनवायला मला सांगितलं. बनवला मी. कॅप्टननी पेन काढलं. सहीच्या जागी लिहिलं, "माझी खुशी नाही." आणि कागद टेबलावर ठेवून निघून गेले.

बुधवार गेला. गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळपासून शुभम विमानपट्टीच्या गेटबाहेर युनिफॉर्म घालून उभा होता. कोणी बोलावलं नव्हतं. बोलावलंच तर उशीर नको, म्हणून. हिमांशु दोनदा बाहेर जाऊन त्याच्याजवळ उभा राहिला. डिंपल मॅडमनी साहेबांना फोनवर फोन केले. संध्याकाळचं शेवटचं विमान साडेपाचला उडालं. शुभमनं ते झाडांच्या वर जाईपर्यंत पाहिलं. मग टोपी काढून काखेत धरली आणि बसस्टॉपकडे चालायला लागला. मी खिडकीतून पाहत होतो. खाली गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो?

लोक विचारतील, यात कोण मेलं? कोणीच मेलं नाही. म्हणूनच हे चालतं. एकाला उपाशी बसवायचं, दुसऱ्याला झोप येईपर्यंत राबवायचं, आणि दोघांकडूनही खुशीनं म्हणून लिहून घ्यायचं. विमानात असं आहे, तसंच राईस मिलमध्ये आहे, दवाखान्यात आहे, तुमच्याही ऑफिसात असेल. शेजारची खुर्ची रिकामी झाली की आपण तिच्यावर आपली बॅग ठेवतो. जो उठून गेला त्याला फोनसुद्धा करत नाही.

भाऊबीज झाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. शुभम तलावाच्या पाळीवर बसला होता. मी स्टेटसचं सगळं सांगितलं. एका श्वासात, जसं इथे लिहिलं तसंच.

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं आता हाणतो. हाणला असता तर बरं झालं असतं.

"लय बावळट हायेस तू," तो म्हणाला. मग पाण्याकडे पाहत, "पन नाव तं त्यानं कापलन ना. तू फक्त फोटो टाकला."

"आणि लेटर टाईप केलं."

"हाव. थे बी केलं." त्यानं एक काडी मोडली. "कॅप्टननं अन् मी तक्रार टाकली हाये, लेबर ऑफिसात. कंपनीवाले म्हनतेत, पायलटायनं स्वतःहून अर्ज देले. चारही अर्ज एकाच मशीनवर, एकाच दिवशी, आमाले सांगाच्या आधी निंगाले, हे कोन सांगन? कोनीतरी पायजे."

घरी आई आहे, बहिणीचं कॉलेज आहे. त्यानं काही मागितलं नाही. मासे खायला बोलावूनही त्यानं कोणाला मागितलं नव्हतं.

"तारीख कधी आहे?" मी विचारलं.

"मंगळवारी. अकरा वाजता."

"मी येतो. चारही अर्ज मी टाईप केले, कोणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, सगळं सांगतो. नोकरी राहो की जावो. माझ्या तोंडानं सांगतो, शुभमभाऊ, शब्द देतो."